बंद इमारतीचं रीडिंग

मी लिहिलेल्या एका आकड्यामुळं माझ्या मैत्रिणीचा निवारा गेला. आकडा बरोबर होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कुणाला वाट बघायला नको.

माझं शिक्षण चौथी. पण आकडे मला कधी अडले नाहीत. शहरातल्या एका विद्यापीठात नवरा पाण्याच्या पंपावर होता. तो गेल्यावर मला देखभाल विभागात शिपाई म्हणून घेतलं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. शेवटची काही वर्षं माझ्याकडं मीटरं होती. प्रत्येक इमारतीला दोन, एक लाइटचं आणि एक पाण्याचं. महिना संपला की रजिस्टर काखेत मारून सगळं आवार पायी फिरायचं. ऑफिस, लायब्ररी, हॉस्टेलं, कँटीन, प्रयोगशाळा. तीन दिवस लागत.

लाइटचं मीटर भिंतीवर असतं, ते सोपं. पाण्याचं जमिनीत, खड्ड्यात, वर लोखंडी झाकण. झाकण सळईनं उचलायचं, मग तीच सळई आत फिरवायची, कारण खड्ड्याच्या गारव्याला विंचू येऊन बसतो. मग खाली वाकून फडक्यानं काच पुसायची. काळे आकडे लिहायचे, लाल सोडायचे. आकडा आधी तोंडानं मोठ्यानं बोलायचा, मग कागदावर. ही नवऱ्याची पद्धत. तो म्हणायचा, डोळा फसतो, कान फसत नाही. मी खड्ड्यात डोकं घालून एकटीच आकडे बोलते म्हणून पोरं हसायची. हसू द्या. माझ्या वहीत कधी खाडाखोड झाली नाही.

माझ्या आधी हे काम ज्याच्याकडं होतं तो बंद इमारतींकडं जातच नव्हता. आवारात तीन इमारती कुलूप लावून पडलेल्या होत्या. त्यांच्या रकान्यात तो वरचा आकडा बघायचा आणि खाली 'वरीलप्रमाणे' असं लिहून मोकळा व्हायचा. सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. बंद घरात कोण पाणी पितंय? मला ते पटायचं नाही. न बघता लिहायचं तर मग चपला कशाला झिजवायच्या? मी बंद इमारतींनाही जायला लागले. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आता मैत्रिणीचं सांगते. ती ठेकेदाराकडं झाडूला होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायची. सकाळच्या चहाला आम्ही कँटीनच्या मागं कडुनिंबाखाली बसायचो, पंधरा वर्षं रोज. तिचा नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा पुण्याला गेला आणि हळूहळू त्यानं फोन उचलणं सोडलं. ती हर्सूलला भाड्याच्या खोलीत राहायची. मालकानं ते घर पाडून मजले चढवायला घेतले, तेव्हा ती म्हणाली, "चुलत बहिणीकडं सोय झाली." मी म्हटलं, बरं झालं. कुठली चुलत बहीण, किती खोल्या, काही विचारलं नाही.

त्यानंतर ती सगळ्यांच्या आधी कामावर यायला लागली. आंघोळ झालेली, केस ओले, साडी धुतलेली. आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. शहराचं नाव बदललं, नळाचं वागणं बदललं नाही. आम्ही मुकुंदवाडीला पिंप भरून ठेवतो आणि आंघोळीला मोजून दोन तांबे घेतो. आणि ही रोज केस धुऊन येणार.

मी चेष्टा केली, "काय गं, लई नटून येते आजकाल? कोणी बघायला येणार हाय का?"

"येणार हाय की," ती म्हणाली. "तुझा पंपावरचा दीर. सांग त्याला, हुंडा घेत नाय म्हणावं."

दोघी हसलो. तेवढ्यावर ते राहिलं.

बंद इमारतींत एक जुनं पाहुण्यांचं घर होतं. छताचा गिलावा पडायचा म्हणून धोकादायक ठरवून कुलूप लावलेलं. त्या वर्षी पावसाळ्यानंतर तिथल्या पाण्याच्या मीटरचा एक आकडा, म्हणजे हजार लिटर, सरकला. मी दोनदा मोठ्यानं बोलून बघितला. पुढच्या महिन्यात आणखी एक. मग लाइटचं मीटर बघितलं, ते जिथल्या तिथं. जागचं हललेलं नव्हतं.

इथं माझं डोकं चाललं आणि चुकीच्या बाजूला चाललं. मी म्हटलं, माणूस असता तर संध्याकाळी दिवा लावला असता. पाणी जातंय आणि लाइट जळत नाही, म्हणजे आत माणूस नाही. म्हणजे गळती. कुठंतरी तोटी ठिबकतीय.

चहाला मी हे तिलाच सांगितलं. फुशारकी मारत सांगितलं. "पाहुण्यांच्या घरात गळतंय. कुणाच्या बापाला कळलं नाय, मला कळलं."

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "लई गळतंय का?"

"महिन्याला एक आकडा. लई नाय. पण गळतंय."

"मग जाऊ दे की. कँटीनच्या बेसिनला दिवसभर धार चालू असती, ती दिसत नाय व्हय तुला?"

"दिसतीय. तीबी लिहिते."

तिनं कप पुन्हा उचलला. मग म्हणाली, "अक्का, बंद इमारतीचं कामून लिहिते गं? पहिला गडी लिहायचा तसं 'वरीलप्रमाणे' लिही अन् मोकळी हो. गुडघे दुखतात म्हणते, खड्ड्यात वाकती कशाला?"

मला वाटलं, तिला माझ्या गुडघ्यांची काळजी. मी म्हटलं, "माझ्या वहीत खोटं जाणार नाय."

"नाय," ती म्हणाली. "तुझ्या वहीत नाय जाणार."

ती एवढंच बोलली. ती मागत होती आणि मला कळलं नाही. तिनं तोंड उघडून मागायला हवं होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण तिचं तोंड मागायचं नव्हतं. मला ते पंधरा वर्षं माहीत होतं.

ऐन उन्हाळ्यात वरून समिती यायची होती. कुठल्या इमारतीला किती वीज लागते, किती पाणी लागतं, कुठं वाया जातं, हे सगळं त्यांना दाखवायचं होतं. माझी जुनी रजिस्टरं मागवली. एका नव्या इंजिनियर मॅडमनं ते आकडे कॉम्प्युटरवर घातले आणि प्रत्येक इमारतीची रेघ काढली. हॉस्टेलची रेघ डोंगरासारखी वर-खाली. सुट्ट्यांत लायब्ररीची पडलेली. दोन बंद इमारतींच्या रेघा सपाट. आणि पाहुण्यांच्या घराची रेघ सात महिने हळूहळू वर चढलेली.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही हे लिहिलं म्हणून कळलं. दुसऱ्या कुणी बघितलंच नसतं." मी फुगले.

गळती शोधायला सुट्टीचा दिवस धरला, कारण त्या दिवशी बाकीचं पाणी बंद असतं आणि नेमकं कुठं वाहतंय ते कळतं. मोठे इंजिनियर साहेब, प्लंबर, वॉचमन आणि मीटर दाखवायला मी. सकाळचे अकरा वाजले होते. पुढचं कुलूप गंजून गेलेलं, कुणी हात लावलेला नाही. मागचं दार मात्र ढकलताच तेल घातल्यासारखं उघडलं.

आत खिडकीच्या उजेडात ती मेथी निवडत बसली होती.

खोली झाडून-पुसून लख्ख. कोपऱ्यात स्टोव्ह, दोन पातेली, झाकण घातलेली बादली. दोरीवर साडी वाळत होती. माझ्या नातीच्या लग्नात मीच तिला दिलेली साडी. छताचा गिलावा जिथं पडायचा तिथून तिनं अंथरूण बाजूला घेतलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली वाटीत चाफ्याचं फूल. मेणबत्ती मात्र कुठं दिसली नाही; रात्री तिचा उजेड वॉचमनला दिसला असता.

तिनं आधी साहेबांकडं बघितलं, मग प्लंबरच्या हातातल्या पान्याकडं, मग माझ्याकडं. म्हणाली, "आली का अक्का. बस."

साहेब गडबडले. "मावशी, तुम्ही इथं काय करताय?"

"राहते."

"कधीपासून?"

तिनं माझ्या काखेतल्या रजिस्टराकडं बोट केलं. "त्यांच्या वहीत असंल."

माझ्या तोंडून एकच गोष्ट निघाली, आणि ती किती मूर्खपणाची होती हे मला अजून आठवतं. मी म्हटलं, "लाइट कामून नाय लावली गं?"

"तू लिहिली असती," ती म्हणाली. "उजेडाशिवाय भागतं, अक्का. दिवस मावळला की झोपायचं. पाण्याशिवाय कसं भागवू?"

सात महिने ती बाई अंधारात राहिली, मीटर हलू नये म्हणून. आणि मी त्याच न हललेल्या मीटरवरून ठरवलं की आत माणूस नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "छत अंगावर पडलं तर जबाबदार कोण? मला ठेवता येणार नाही." खरंच होतं ते. संध्याकाळपर्यंत सामान काढायला सांगितलं. ठेकेदारानं दुसऱ्या दिवसापासून तिला कामावरून कमी केलं. सामान एका रिक्षात बसलं, तरी जागा उरली.

रिक्षापाशी मी म्हटलं, "माझ्याकडं चल."

"तुझ्या दोन खोल्यांत सहा माणसं," ती म्हणाली. "सातवीला काय खुंटीला टांगणार?" आणि हसली.

मी एकदाच म्हटलं. घरी सुनेला काय सांगायचं याचा विचार त्याच वेळी माझ्या डोक्यात चालू होता, आणि तिला तो माझ्या तोंडावर दिसला असणार. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर ती आली असती का, माहीत नाही. पण मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

ती वेरूळच्या पुढं भाचीच्या गावी गेली. समिती येऊन गेली. अहवालात लिहिलं होतं, जुन्या पाहुणेघरातली गळती शोधून बंद केली. मला सगळ्यांसमोर प्रमाणपत्र दिलं. टाळ्या वाजल्या. ते प्रमाणपत्र मी पिंपाखाली घातलं, पिंप डुगडुगत होतं म्हणून.

पावसाळ्यात एकदा मी तिच्याकडं गेले. ती माझ्याशी नीट बोलली. चहा केला. भाचीला म्हणाली, "ही माझी अक्का. हिच्या वहीत खाडाखोड नसती." रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. निघताना मी म्हटलं, "मला सांगायचं ना गं एकदा." ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला खोटं लिहावं लागलं असतं." दिवाळीनंतर दुसऱ्यांदा गेले, तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते. ताप होता, अंगावर काढला. मला कळवायला भाचीकडं माझा नंबर नव्हता. नंबर देऊन यायचं मला सुचलं नव्हतं.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. जुन्या छापखान्याची इमारतही बंद होती. एका महिन्यात तिथल्या पाण्याचा आकडा सरकलेला दिसला. लाइट जिथल्या तिथं. मी आकडा तोंडानं बोलले, आणि रकान्यात लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. आयुष्यात पहिल्यांदा. मागच्या दाराकडं बघितलंसुद्धा नाही. चार महिने तसंच लिहिलं. जाताना एकदा पायरीवर भाकरी ठेवून आले, ती कुत्र्यानं खाल्ली.

मग आपोआप रीडिंग पाठवणारी नवी मीटरं बसवली आणि छापखान्यात खरीच गळती निघाली. तोटी सडली होती. चार महिने पाणी जमिनीत गेलं, आणि आमच्या गल्लीत बाया टँकरमागं पळत होत्या. साहेबांनी मला बोलावून बोल लावला. बरोबर होतं. आधी मी माणसाला गळती समजले आणि मग गळतीला माणूस. दोन्ही वेळा दार उघडून बघितलं नाही.

शेवटच्या दिवशी मॅडमनं मला मोबाइलवर सगळ्या इमारती दाखवल्या. आता कुणाला खड्ड्यात वाकायला नको. "मावशी, कुठली बघायची?"

मी म्हटलं, पाहुण्यांचं घर.

त्यांनी बोटानं रेघ मागं नेली. सपाट, सपाट, आणि मग तो सात महिन्यांचा बारका चढ. शेजारच्या हॉस्टेलच्या रेघेपुढं तो दिसतही नव्हता. सात आकडे. त्यात तिची आंघोळ, तिची भाजी, तिच्या साड्या, सगळं.

"हीच ना तुम्ही पकडलेली गळती?" मॅडम म्हणाल्या.

"गळती नव्हती ती," मी म्हटलं. "बाई होती."

मॅडम त्या वेळी सुट्टीवर होत्या, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी बोटानं ती रेघ मोठी केली. मग हळूच म्हणाल्या, "मग इथं गळती लिहिलंय, ते काढू का? ही रेघ नीट करते."

"ते काढा," मी म्हटलं. "रेघ तशीच राहू द्या. दुसरीकडं कुठं तिचं काही लिहिलेलं नाय."