आमदारांना ओवाळणारी

खारदांड्याच्या बाजारात मी तिच्याकडूनच मासे घ्यायचो. नाव कधी विचारलं नाही, सगळे तिला मावशी म्हणायचे. बोंबील साफ करताना तिची जीभ कोयत्याहून जोरात चालायची आणि विषय ठरलेला असायचा, आमच्या मतदारसंघाचे आमदार. प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला कोळीवाड्याच्या तोंडाशी तिनेच ओवाळलेलं.

"पहिला चालत यायचा, चपला काढून उभा राहायचा. त्याच्यानंतरचा जीपमधून. आणि हा आत्ताचा? दोनदा आला, दोन वेगळे झेंडे घेऊन. कुंकू मात्र माझ्याच हातचं!"

तिच्या हाताला यश आहे म्हणून उमेदवार मुद्दाम तिच्याकडे यायचे.

गेल्या वर्षी तिचा नवरा होडी घेऊन गेला, तो परत आलाच नाही.

या निवडणुकीतही ती नेहमीसारखी ताट घेऊन उभी राहिली. मी पिशवी धरून शेजारीच होतो. आमदार आले, तिचं मोकळं कपाळ पाहिलं आणि चक्क मागे सरकले. एका कार्यकर्त्याने तिच्या हातातलं ताट काढून शेजारणीच्या सुनेकडे दिलं. "मावशी, तुम्ही नको आता."

मी हादरलोच. अहो, दर वेळी हिला आई म्हणणारा माणूस!

सुनेने ओवाळलं. ताजा टिळा मिरवत आमदारांनी मावशीसमोर हात जोडले. "आई, आशीर्वाद असू द्या."

तिने पदराला हात पुसले.

"नवरा दर्यात गेला रे माझा," ती म्हणाली. "मत नाय गेलं."