चार बोटं गवत

हरियाणातल्या मानेसरजवळच्या गोशाळेचं कुरण मी वाळवलं आणि दोष दिला तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला. सगळे त्यांना ताऊ म्हणतात. मी कारखान्यात इंजिनिअर. रविवारी गोशाळेचा जुना ट्रॅक्टर दुरुस्त करायला जातो. त्याच्या बाजूला गवत कापायचा पात्यांचा दांडा आहे. तो मी अगदी जमिनीलगत बसवला. ताऊ हसले, "बाबूजी, घास है, दाढ़ी नहीं!"

मी ऐकलं नाही. कुरण पिवळं पडलं, तेव्हा ताऊ पाणीच देत नाहीत, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो.

पुढे माझ्या लक्षात आलं, की दगडांवरून जाताना दांडा जिथे उचलला गेला होता, तिथलंच गवत हिरवं होतं. पाणी तर सगळीकडे सारखंच होतं. दांड्याची दोन्ही टोकं ज्या लोखंडी पट्ट्यांवर टेकून जमिनीवरून सरकतात, त्यांना मी खालून जाड तुकडे जोडून घेतले. आता कापणीनंतर चार बोटं गवत मागे राहू लागलं. ताऊ मात्र माझ्याशी बोलत नव्हते.

एका रविवारी सगळे चारा उतरवत असताना मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "ताऊ, पानी आपने बराबर दिया था. घास मैंने सुखाई और इल्ज़ाम आप पर लगाया. माफ़ कर दीजिए."