आबांची लाकडं

माझ्या शेडात झाडं तोडायची सात जुनी मशिनं आहेत आणि सातही चालू आहेत. पण घरी असताना त्यातलं एकही सुरू करायची मला सोय नाही. तुम्ही म्हणाल, काय राव, मशीन तुझं, शेड तुझं, अडवतंय कोण? कोणीच नाही, हाच तर घोळ आहे. अडवणारा समोर असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

धंदा माझा मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचा. विहिरीवरची मोटार जळाली की आमच्या वडगाव रासाईतलीच काय, नदीपलीकडच्या राहू गावची माणसंसुद्धा ती माझ्या दारात आणून टाकतात. तांब्याची तार आणायला मी दौंडला जायचो आणि येताना भंगारात डोकवायचो. तिथंच एका ढिगाखाली मला पहिलं मशीन दिसलं. परदेशी, जुनं, लोखंडी अंगाचं, उचललं की खांदा खाली यावा असं वजनदार. लाकूड कापणाऱ्या साखळीला तेल पाजायला अंगठ्यानं दाबायचं बटण. भंगारवाला म्हणाला, "ये तो मर गया है, सेठ." असलं बोलणं मला सहन होत नाही. मी ते उचलून घरी आणलं.

कार्बोरेटरमधला पडदा वाळून पापड झालेला, तो बदलला. पेट्रोलची नळी नवी घातली, स्कूटरचा जुना कंडेन्सर बसवला. तीन आठवडे बायकोशी धड बोललो नाही. शेवटी एका दुपारी सुरू करायची दोरी ओढली आणि इंजिन पेटलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून बघत होते. त्यांनी उभा जन्म दौंडच्या लाकडाच्या वखारीत दोघांनी ओढायची करवत ओढण्यात घालवला होता. म्हणाले, "आरडतंय लई. काम किती करतंय ते बघू."

ते बघायची वेळ त्याच पावसाळ्यात आली. गावातली एक म्हातारी वारली. बाभळीचे ओंडके ओले, कुऱ्हाडी उसळून येत होत्या, अंधार पडायला आलेला. कोणीतरी म्हणालं, "अरं, तुझं ते मशीन आण की." मी आणलं आणि अर्ध्या तासात सरण रचण्याइतकी लाकडं पाडली. म्हाताऱ्या माणसांनी पाठीवर हात ठेवला. माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

तेव्हापासून गावात कोणी गेलं की पहिला फोन पाहुण्यांना आणि दुसरा मला. असल्या कामाला कोणी नाही म्हणत नसतं, मीही म्हणालो नाही. दोन-तीन वर्षांत गावातल्या कुऱ्हाडी गंजून गेल्या. आणि माझ्या मशीनच्या आवाजाला एकच अर्थ उरला.

हे मला कळलं ते असं. भंगारातून दुसरं मशीन आणलं होतं. ते दुरुस्त करून दुपारचं शेडात सुरू केलं. पाच मिनिटांत फाटकाशी आठ-दहा जण, खांद्यावर टॉवेल, डोक्याला टोपी, चेहरे पडलेले. "कोण गेलं रं?" कोणीच नाही म्हटल्यावर ते असे चिडले की जणू कोणीतरी जायलाच हवं होतं. एकानं तर सुनावलं, "माझी चुलती चार दिस आजारी हाय. तिनं आवाज ऐकून हातातला चहा खाली ठेवला. लाज वाटती का?" वाटली. तेव्हापासून मशीन सुरू करून बघायचं झालं की मोटरसायकलला बांधून नदीकाठच्या उसात, माणसांपासून लांब न्यायचो. चोरासारखा! स्वतःच्याच मशीनचा चोर.

मग आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. आईला आणि बायकोला त्यांना उठवणं-बसवणं जमेना, म्हणून मी घरीच राहिलो. नदीकाठ बंद झाला. सात मशिनं शेडात, मी खाटेपाशी. कधी मयतीचं बोलावणं आलं तर तेवढा तास बाहेर. परत आलो की आबा विचारायचे, "कोण?" मी सांगायचो. मग ते म्हणायचे, "माझी कोण तोडणार?"

हे नुसतं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं नव्हतं. आमच्याकडे घरच्यानं आपल्या माणसाची लाकडं तोडायची नसतात. भावकीनंही नाही. तोडली तर त्या घरात पाठोपाठ दुसरं मरण येतं म्हणतात. मी इतकं मानणारा नाही, पण आई मानते आणि आबा मानत होते. लाकडं परक्यानं तोडायची. आणि परक्या कोणालाही माझं मशीन सुरू करता येत नव्हतं, कारण मी कोणाला हातच लावू दिला नव्हता. लोक म्हणायचे, "दाव की आम्हाला बी." मी खेकसायचो, "त्याचा सोभाव हाय. तुमाला न्हाई जमायचं." एकजण नवीन मशीन आणायचं म्हणाला, तर मी त्याला प्लॅस्टिकचं खेळणं म्हणून हसलो. केवढा हा माज! त्या माजानंच मला बांधून घातलं.

शेवटी शेजारच्या मित्राचे पाय धरले. तो आमच्या भावकीतला नाही, रांजणगावच्या एका कंपनीत फिटर आहे. म्हटलं, एवढं एक शिकून घे. तो तयार, पण शिकवायचं कसं? सुरू करावं तर अख्खं गाव टॉवेल घेऊन दारात. बरं, गावाबाहेर जावं तर आबांना सोडवत नाही. आणि मयतीत लोक खोळंबलेले असताना शिकवणी घेता येत नाही. मग प्लग काढून ठेवायचा, म्हणजे मशीन पेटणार नाही, आणि अंगणात नुसतीच दोरी ओढायची. चोक बाहेर, ओढ. एकदा खोकलं की चोक आत, मग परत ओढ. डाव्या अंगठ्यानं तेल. मित्र वैतागायचा. "कोरड्या हिरीत पोहायला शिकवतोय व्हय रं? खोकतंय म्हंजी कसं खोकतंय, ते तर ऐकू दे!"

आबा खाटेवरून दारातून हे सगळं बघायचे. आमच्या घरामागची बाभूळ आदल्या वर्षी वाऱ्यानं पडली होती. ती हलवायला मी माणसं बोलावली तर आबांनीच अडवलं होतं, "राहू दे. वाळू दे." कशाला, ते मी तेव्हा विचारलं नाही.

एका संध्याकाळी मित्र घरी गेल्यावर त्यांनी मला डाव्या हातानं खूण करून जवळ बोलावलं. आई त्यांच्या पायाशी बसली होती. जड जिभेनं म्हणाले, "सुरू कर की."

"काय, आबा?"

"मशीन. मी हाय अजून. ऐकू दे."

मला धाडस झालं नाही. लोक जमतील, आई रडेल, अपशकुन होईल, सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हणालो, "नगं आबा. बरं वाटू द्या, मग करू." त्यांनी मान वळवली. त्यांना बरं वाटणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ती मान वळवलेली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, सकाळी आईनं चहा पाजायला उठवलं तर ते उठले नाहीत.

घर भरलं. मी उशाशी बसलो. मित्र रात्रपाळी करून नुकताच आला होता. कंपनीचा शर्टही न बदलता त्यानं शेडातून मशीन उचललं आणि घरामागं त्या वाळलेल्या बाभळीकडं गेला. दोरी ओढल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन. चौथ्याला मशीन खोकलं. आता चोक आत ढकल, मी मनात म्हणालो. त्यानं पुन्हा ओढली आणि आवाज ओला आला. चोक तसाच बाहेर राहिला होता. पाच, सहा, सात. मशीन पेट्रोल पिऊन बसलं. मी उठायला गेलो तर चुलत्यांनी खांदा दाबला, "बस खाली. तू न्हाई उठायचं."

मी बसलो. बाया रडत होत्या आणि मी दोरीचे हिसके मोजत होतो. बाप पुढ्यात पडलेला आणि माझं सगळं ध्यान भिंतीपलीकडं, त्या चोकवर. आठ. नऊ. बाहेर कोणीतरी म्हणालं, "कुऱ्हाड बगा की कुणाकडं." माझ्यानं राहवेना. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "चोक आत ढकल! चोक! रेस सगळी दाब आन् ओढत ऱ्हा!"

बाया वळून माझ्याकडं बघायला लागल्या. पोराचं डोकं फिरलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बाहेर दोन हिसके कोरडे गेले. तिसऱ्याला ते पेटलं.

मशीन घेऊन मी कित्येक मयतींना गेलो असेन. दर वेळी ते माझ्या हातात असायचं, आणि हातात असलं की मला इंजिनाचं बरं-वाईट तेवढं ऐकू यायचं. आपलं माणूस पुढ्यात घेऊन, घरात बसून तो आवाज कसा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. आधी लाकडाला लागतानाची ती किंचाळी, मग ओंडका खाली पडल्याचा धप्प. भिंतीला पाठ लावली होती, ती हादरत होती. गावातल्या एवढ्या घरांना मी हे ऐकवलं होतं, वर छाती फुगवून. आणि ज्यानं जितेपणी ऐकायला मागितलं, त्याला नको म्हणालो होतो.

तेव्हा मी रडलो. सकाळपासून डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

आईनं पदरानं तोंड पुसलं. ती आबांच्या डाव्या कानापाशी वाकली. वारं गेल्यापासून त्याच कानाशी बोलायची तिला सवय झाली होती. मोठ्यानं, जेवायला उठवावं तशा आवाजात म्हणाली, "आवं, ऐकलं का? झालं बगा सुरू."