फायली वाचणारे दादा

"आवं, आधी वरच्या चार ओळी तरी बघा," असं म्हणत दादा खुर्ची पुढे ओढायचे. कुठलीही फाईल आली की आकडे स्वल्पविरामानं तोडलेत की टॅबनं, तारीख कशी लिहिली आहे, हे पाहिल्याशिवाय ते पुढे जात नसत. अशी सावकाश माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सांगलीतल्या आमच्या छोट्या कार्यालयात आम्ही नदीच्या पाण्याचा अंदाज काढायचो. पावसाच्या नोंदींच्या फायली इतक्या मोठ्या असायच्या, की मी आर या संगणकभाषेत एखादी उघडायला लावून चहा पिऊन यायचो, तरी ती उघडत नसे. दादा कराडजवळच्या मलकापूरहून बदलून आले आणि त्यांनी फाईल वाचायची जुनी आज्ञा काढून 'एफरीड' ही झटपट वाचणारी आज्ञा लावली. "सगळे रकाने कशाला? लागत्यात तेवढंच घ्या." फाईल लगेच उघडली. दादा हळहळले, "च्याला जायचं निमित्त गेलं की वो."

पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली. फायली झटपट वाचल्या गेल्या म्हणून सकाळीच कळलं, की संध्याकाळी पाणी दादांच्या बहिणीच्या गावात शिरणार. मेहुणे फौजेत, घरी बहीण आणि लहान मुलगी. दादांनी आधी सरपंचांना फोन केला, मग तिला.

"अक्का, आत्ता निघ."

"म्हसरं सोडून कशी येऊ रं?"

"पोरीला घे आन् निघ."

ती निघाली. पोरीला शाळेच्या गच्चीवर पोचवलं आणि दावणीची म्हैस सोडायला परत गेली. तोवर पाणी चढलं, ती काही परत आली नाही. बाकी गाव वाचलं.

पाणी ओसरल्यावर सरपंच आभार मानायला आले. दादांनी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर दादा फायली वाचणारा तोच प्रोग्राम रोज उघडून बसायचे. मी म्हणालो, "दादा, आता याहून लवकर काय होणार?"

"आनखी थोडा येळ कमी व्हतोय का बघतो," ते म्हणाले. स्क्रीनवरून नजर हटवली नाही.

दिवाळीनंतर नोकरी सोडून ते भाचीला घेऊन मलकापूरला गेले. त्यांची खुर्ची रिकामी आहे. मध्यंतरी कराडला गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. दादा उंबऱ्यावर बसून भाचीची वेणी घालत होते. पेड सुटायचा, ते पुन्हा पहिल्यापासून घालायचे.

"मामा, शाळंला उशीर हुतोय," ती म्हणाली.

"हुंदे," दादा म्हणाले, आणि फणी पुन्हा हळूच केसांतून फिरवली.