आईच्या वाट्याची साखर

आमच्या राहुरीकडं कारखान्याचा शेअर असला की दिवाळीला सवलतीची साखर मिळते. आई गेल्यावर तिचा शेअर माझ्या नावावर झाला, आणि तिचा मधुमेहही माझ्याकडं आला. पण घरात साखरेचं पोतं उभं असताना साखर सोडतंय कोण!

आईची शेवटची दोन वर्षं मी जवळून बघितलीत. ती मला ओळखेना. मला पाहुणा समजून "बसा" म्हणायची. पण साखरेचा डबा कुठंही लपवा, तो तिला बरोबर सापडायचा. मूठ भरलेली आणि नजर कुठंतरी लांब. तेव्हा मला तिची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच झापलं. साखर जिभेवर पडली की मेंदूला बरं वाटतं, मग दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळेला पुन्हा मागतो, म्हणाल्या. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर स्मरणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो. हे ऐकून मला आईची ती लांब गेलेली नजर आठवली. तरी मी शहाण्यासारखं विचारलं, "मग गूळ चालंल ना? घरच्या उसाचा आहे." बाईंनी कपाळाला हात लावला.

चहात दोन चमचे होते त्याचा एक केला, पंधरवड्यानं अर्धा, मग तोही बंद. पोतं मेहुणीकडं धाडलं. दुपारी चारला तलफ आली की मूठभर फुटाणे खायचे, नाहीतर बांधावर चक्कर मारायची. सुरुवातीला डोकं भणभणायचं, बायकोवर उगाच खेकसायचो. महिन्याभरानं नुसतं दूधसुद्धा गोड लागायला लागलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

परवा दुपारी आम्ही दोघं ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. बोलता बोलता बायकोनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आत कोनाशी बोलत हुता?"

"आत? मी कधी गेलो आत?"

"आत्ता गेल्ता की. ज्वारीच्या कोठीपाशी." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पाहुण्यांसाठी साखरंची पुडी दडवली हुती तिथं. तुमाला म्या सांगितलंच न्हवतं."

मला तिचा राग आला. काहीही काय बोलते ही. मी जागचा हललोसुद्धा नाही, असं तिला सांगायला लागलो, आणि दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. गोड होतं.