बाबांचा शेवटचा शनिवार

इंदापुरात बाबांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेळगाव-निरवांगीकडचे बागायतदार ती जीपमध्ये घालून आणायचे आणि बाबा आतली जळकी तार उपसून नवी भरून द्यायचे. धंद्यात एकच खोट होती. शुक्रवारी दिवस कलला की शटर खाली यायचं, ते रविवारी सकाळीच वर जायचं. मग उभा ऊस वाळो नाहीतर ढोबळी मिरची माना टाको. मोटारीला म्हणावं जळायचं तर सोमवारी जळ, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची आणि तरीही आमच्याच दुकानात यायची, कारण बाबांनी भरलेली मोटार सहसा परत येत नसे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार-तेली म्हणत. इंदापुरात हे कुणाला ठाऊक असणार? अख्ख्या गावात आमचं एकच घर. गल्लीची समजूत अशी, की बाबा मारुतीचा शनिवार धरतात. समोरच्या तात्यांनी तर एकदा उपासाची खिचडी पाठवली होती. बाबा त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले आणि आमचं ताट दाखवलं. भिगवणचा मासा, नारळाच्या दुधातलं वालाचं बिरडं, भात, वर गोड शिरा. आमचा शनिवार जेवायचा असतो, असं त्यांनी तात्यांना समजावून सांगितलं. असला धर्म आधी का नाही सांगितला, म्हणून तात्या पुढे कित्येक वर्षं कुरकुरत होते.

शब्बाथची, म्हणजे आमच्या या शनिवारची, तयारी शुक्रवारी सकाळपासून चालायची. मासा बाबा स्वतः जाऊन आणायचे, निवडून, खवल्यांचाच; बिनखवल्यांचा आमच्यात चालत नाही. आई दोन दिवसांचा स्वयंपाक एका दिवसात उरकायची, कारण सूर्य मावळल्यावर घरात काडी ओढायची नाही. बिरड्याचं पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं जायचं. प्रार्थनेला लागणाऱ्या द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका भिजत घालून त्यांचं सरबत व्हायचं. बाबा हातांचं वॉर्निशचं काळं घासून काढायचे आणि फक्त त्याच दिवसासाठी ठेवलेला पांढरा शर्ट घालायचे. आई तेलाचा दिवा लावून डोळ्यांवर हात धरायची. मग घरात भांडण नाही, दुखण्याखुपण्याची चर्चा नाही, रडगाणं नाही. दहावीला मी गणितात नापास झाले तेव्हासुद्धा बाबांनी मला शिऱ्याची वाटी दिली आणि रडायला उद्याचा दिवस आहे म्हणाले. मला हा नियम फार निर्दय वाटायचा. माणसाला रडू का वार बघून येतं?

बाबा गेले ते शुक्रवारीच, गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता. मी चार दिवसांसाठी पुण्याहून माहेरी आले होते. आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते खुर्चीत टेकले. आईचं मनुकांचं पाणी गाळून होईस्तोवर त्यांची मान कलली होती. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि चष्मा काढून उभे राहिले.

तात्यांनी लगेच सूत्रं हातात घेतली. गाडी सांगितली, दोन पोरांना बर्फाला पिटाळलं. पण आमच्यात दहन नाही, दफन असतं. आमची दफनभूमी पुण्यात, आणि सूर्य मावळायला तास-दीड तास उरलेला. शब्बाथला माती देता येत नाही. पुण्यातल्या आमच्या माणसांना मी फोन केला. ती रविवारी पहाटे निघून येतो म्हणाली. आईनं तात्यांना सांगितलं, की आता रविवारीच. तात्या नुसते बघत राहिले. मेलेलं माणूस दोन रात्री घरात ठेवायचं, हे त्यांना सोसण्यातलं नव्हतं. पण वाद न घालता त्यांनी कुठूनशी शीतपेटी आणवली आणि दिवस बुडायच्या आत बटण चालू करून दिलं. आईनं तोंड धुतलं, पातळ बदललं, दिवा लावला आणि दर शुक्रवारसारखं माझ्याकडे वळून "शब्बाथ शालोम" म्हणाली, म्हणजे शनिवार शांतीचा जावो.

शनिवारी सकाळी मला जाग आली ती शांततेनं. आमच्या गल्लीत सकाळी कुकरच्या शिट्ट्यांचा नुसता गोंगाट असतो. त्या दिवशी एक शिट्टी नाही, चहाचा वास नाही. थोड्या वेळानं तात्यांची सून दारात आली. मयत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटवायची नाही, ही इथली जुनी रीत. एरवी ती दोन-चार तासांची असते, इथे रविवारपर्यंतची वेळ आली होती. पोरांना बिस्किटं, केळी देऊन भागवलं होतं. पण तात्यांना साखरेचा आजार. कालपासून पोटात घास नाही, त्यामुळे गोळीही घेतलेली नाही, सकाळी उठताना झोक गेला. तुम्ही सांगून बघा, असं ती म्हणत होती.

मी गेले. तात्या ओट्यावर बसले होते. मी विनवलं, रागावले, डॉक्टरांचं नाव घेतलं.

"तुजा बाप तितं पडलाय," ते म्हणाले. "माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

परत आले तर आई टेबल मांडत होती. तीन ताटं. सवयीनं मांडलं असेल म्हणून मी तिसरं उचलायला गेले, तर तिनं हात धरला. माझा संयम सुटला. समोर एक म्हातारा माणूस आपल्या माणसासाठी उपाशी बसलाय आणि आपण प्रेताशेजारी बसून बिरडं जेवायचं? लोक काय म्हणतील? मी तावातावानं पुढचं दार लावून घेतलं, निदान कुणाला दिसायला तरी नको. आईनं ते उघडलं आणि तिथूनच तात्यांना हाक मारली.

तात्या कसेबसे आले. आईनं त्यांना बाबांच्या खुर्चीवर बसवलं. गोधडीतून पातेलं काढलं, झाकण उघडलं, अजून कोमट होतं. तिनं ताट वाढलं, मिठापासून शिऱ्यापर्यंत, सगळं जिथल्या तिथं. तात्या मान हलवत राहिले. इतक्या वर्षांत आईची बोलीही गल्लीचीच झाली होती.

"तात्या, मी हे शुक्रवारी तिघांचं रांधलंय. हा त्यांचा वाटा हाय. आज शनवार हाय, त्यांचा हा शेवटचा. त्यांच्या घरातनं आज कोन उपाशी गेलं तर त्यांना चालंल का?"

तात्यांनी मान वळवून पेटीकडे पाहिलं.

"उद्या रडू आपन. उद्या मी बी रडंन तुमच्यासंगं. आज नगं."

तात्यांनी ताटाला नमस्कार केला आणि भात कालवला. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि ते खात होते. आईही जेवली, सावकाश, प्रत्येक पदार्थ. मीही जेवले. इतकं चवदार बिरडं मी त्याआधी खाल्लं नव्हतं, आणि ते चवदार लागतंय याचीच मला लाज वाटत होती. जेवण झाल्यावर तात्यांनी गोळी घेतली. दारात उभं राहून त्यांनी सुनेला हाक मारली आणि गॅस पेटव म्हणाले. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मयत घरात असताना चूल पेटवायला सांगणारे ते आमच्या गल्लीतले पहिलेच. पुढे भावकीतून त्यांना यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण आमच्या कानावर त्यांनी ते कधी घातलं नाही.

दुपारभर आई पेटीजवळ बसली होती. ती शांत दिसत होती, पण पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती. मग कळलं, ती एकेक घटका ढकलत होती. दिवस मावळला तसं तिनं मला अंगणात पाठवलं. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. ते पाहणं बाबांचं काम असे.

मी वर बघत उभी राहिले. एक दिसला, दुसरा दिसला, थोड्या वेळानं समोरच्या पाण्याच्या टाकीच्या वर तिसराही दिसला. मी हललेच नाही. शनिवार होता तोवर बाबा घरी होते, दुकान बंद ठेवून, सुटीचे. तो संपला की त्यांना न्यायच्या तयारीला लागायचं होतं.

"दिसले का गं?" आईनं आतून विचारलं.

"दोनच," मी म्हणाले.

आई बाहेर आली. माझ्या शेजारी उभी राहून तिनं वर पाहिलं. तोवर उसाच्या बाजूचं सगळं आकाश चांदण्यांनी भरलं होतं.

"व्हय," ती म्हणाली, "दोनच दिसत्यात."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मग ती आत गेली, आणि तिचं रडणं साऱ्या गल्लीला ऐकू आलं.