बेगमच्या नावावरचा पाव तास

भामा नळदुर्गकर यांना विमानात बसायची भीती वाटते. त्यांच्या संस्थेत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावरून त्यांची यथेच्छ चेष्टाही होते. हैदराबादच्या बाहेर, एका छोट्या धावपट्टीच्या कडेला वैमानिक घडवणारी ही संस्था. कोणतं विमान कधी उडलं, कोणी उडवलं, किती वेळ हवेत होतं, याची नोंद ठेवणं हे भामाताईंचं काम. आकाशात जे काही घडतं ते त्या जमिनीवर, पंख्याखाली बसून, एक्सेलच्या चौकटीत उतरवून ठेवतात.

तारनाक्याच्या त्यांच्या घरात सासरे शिक्षक, नवरा रेल्वेत. चाळिशीनंतर बाईने नोकरी धरायला दोघांचीही ना नव्हती, फक्त ती घराजवळ असावी असं त्यांचं म्हणणं होतं. मिळाली ती दोन बस बदलून जावं लागेल अशी. तिथे त्यांना हिम्मतरावांनी हाताला धरून शिकवलं. विमानांची देखभाल सांभाळणारा हा माणूस तोंडाने फटकळ आणि कामात कमालीचा चोख. ज्या उड्डाणाची नोंद नाही ते उड्डाण झालंच नाही, हा त्यांचा पहिला धडा. भामाताई आजही सांगतात, मला आईवडिलांनी वाढवलं, पण शहाणं हिम्मतरावांनी केलं.

विद्यार्थी पहिल्यांदा एकटा विमान उडवून उतरला की त्याचे सोबती त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. तशी रीतच आहे. मग तो ओलाचिंब, दात वाजवत नोंद करायला भामाताईंच्या खोलीत येतो. भामाताई आधी फरशी ओली केल्याबद्दल त्याला झापतात, मग त्याचं उड्डाण शीटमध्ये भरतात आणि तेवढी एकच ओळ छापून, कात्रीने कापून, ती पट्टी शिक्का मारून त्याच्या हातात देतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आपल्या मुलीचं पहिलं प्रगतिपुस्तक जपून ठेवलं, तसं या पोरांकडेही काही असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. हिम्मतराव कागद वाया जातो म्हणून कुरकुरायचे आणि प्रत्येक पट्टीवर सही करायचे.

गेल्या वर्षी संस्थेने ठरवलं की एक्सेलमधलं सगळं नव्या डेटाबेसमध्ये न्यायचं. भामाताई खुशीत होत्या. पण एका जुन्या विमानाची दोन वर्षांची शीट डेटाबेस काही केल्या आत घेईना. या विमानाला सगळे बेगम म्हणतात, कारण ते थंडीत लवकर सुरू होत नाही आणि सुरू झालं की कुणाचं ऐकत नाही. डेटाबेसचं म्हणणं असं की बेगम एकाच वेळी दोन वेगवेगळ्या उड्डाणांवर होती. ज्या मुलाने तेव्हा संस्थेत प्रवेशही घेतला नव्हता, त्याने तिच्यातून चार फेऱ्या मारल्या होत्या.

भामाताईंनी शीट पुन्हा उघडून पाहिली. काय झालं असणार ते त्यांना लगेच उमगलं. कधीतरी तारखा क्रमाने लावताना त्यांनी फक्त तारखांचा कॉलम निवडला होता. तारखा शहाण्यासारख्या ओळीने उभ्या राहिल्या, पण बाकीचे रकाने जागचे हलले नाहीत, आणि प्रत्येक उड्डाणाला भलत्याच उड्डाणाची तारीख चिकटली. नंतर घेतलेल्या प्रतीही त्याच चुकीच्या. त्या दोन वर्षांच्या कागदी वह्या केव्हाच वाळवीने खाल्ल्या होत्या. तपासणी जवळ आली होती. नोंद जुळली नाही तर बेगम कायमची शेडमध्ये उभी राहणार, आणि आपली खुर्ची तरी कशी राहणार, हे भामाताईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या तशाच उठल्या आणि हिम्मतरावांना जाऊन सगळं सांगितलं. आता कान उपटले जाणार म्हणून मान खाली घालून उभ्या राहिल्या. हिम्मतरावांनी चष्मा काढला, समोरचा चहा संपवला.

"कॉम्प्युटर विसरला तर विसरू द्या, भामाबाई," ते म्हणाले. "उडवणारी माणसं तर आहेत ना. त्यांना विचारू."

प्रत्येक वैमानिक आपापलं लॉगबुक, म्हणजे स्वतःच्या उड्डाणांची वही, ठेवतो आणि ते जिवापाड जपतो. तन्वी नावाची त्यांची एक विद्यार्थिनी आता मोठ्या विमान कंपनीत होती. तिने जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला की बेगम अडचणीत आहे आणि भामा मॅडमसुद्धा. मग फोटो यायला लागले. कुणी विमानतळावरून, कुणी परदेशातल्या हॉटेलातून, कुणी आईला कपाट उघडायला लावून लॉगबुकाची पानं पाठवली. कितीतरी जणांनी पानाबरोबर ती कापलेली पट्टीही पाठवली, आणि फरशी पुसून देतो मॅडम, असा चावटपणाही केला. फोन धरून भामाताई भर ऑफिसात रडल्या. आपण या पोरांना फक्त ओरडलो, आणि त्यांनी मात्र आपल्याला जपून ठेवलं, या जाणिवेने त्यांना भरून आलं.

एकेक तारीख आपल्या जागी जाऊन बसली. शिकवणीच्या उड्डाणांना शिक्षकांच्या लॉगबुकाचा आधार होताच. अखेर एकच ओळ उरली, पाव तासाची. गौतम नावाच्या मुलाचं पहिलं एकट्याचं उड्डाण. शेजारच्या खुर्चीत कोणीच नव्हतं, त्यामुळे त्याचा साक्षीदारही तो एकटाच. त्यानंतर गौतमने संस्था सोडली होती. जुना फोन नंबर लागत नव्हता.

भामाताई म्हणाल्या, एकच ओळ उरलीय आणि एकच तारीख, मग ती त्याचीच.

"नक्को," हिम्मतराव म्हणाले. "उरलं ते त्याचं, हे हिशेबात चालतं. विमानात अंदाजा चालत नाही. कागद पाहिजे."

प्रवेशाच्या अर्जावर अफझलगंजमधल्या दोर-ताडपत्रीच्या दुकानाचा पत्ता होता. भामाताई शनिवारी तिथे गेल्या. गौतम ताडपत्री मापत होता. ओळखून त्याने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला, पण विषय निघताच त्याचा चेहरा उतरला. गल्ल्यावर त्याचे वडील, आबासाहेब, पाठ फिरवून पावत्या लावत बसले होते. गौतम हळू आवाजात म्हणाला की त्या फेरीनंतर विमानाजवळ जायचीच भीती बसली, म्हणून सोडलं. घरात त्यावर कोणी बोलत नाही. लॉगबुक रद्दीत दिलं.

भामाताईंनी निघण्यापूर्वी त्याला सगळं सांगितलं. तुझी काही चूक नाही, चूक माझी, पण त्या एका फेरीसाठी बेगम अडून बसलीय. पावत्यांची सळसळ थांबली होती.

"याच्या एका फेरीवाचून विमान अडलंय म्हणता?" आबासाहेबांनी विचारलं.

"हौ," भामाताई म्हणाल्या.

आबासाहेबांनी गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर उचलला, पावतीपुस्तकं बाजूला केली. खाली काच होती. काचेखाली देवाची तसबीर, वाहतूकवाल्यांची कार्डं, आणि बरोबर कॅल्क्युलेटर असायचा त्या जागी, पिवळी पडलेली एक पट्टी. तारीख, बेगमचा क्रमांक, गौतमचं नाव, शिक्का, हिम्मतरावांची सही. दुकानात बसायला लागला त्या दिवशी गौतमनेच ती तिथे सरकवली होती. वडिलांना ती बघवत नाही म्हणून ते तिच्यावर कॅल्क्युलेटर ठेवतात, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं, म्हणून आताही त्याने तिचं नाव काढलं नव्हतं. आबासाहेबांनी दोन्ही हातांनी काच उचलून धरली आणि मुलाला पट्टी काढायला सांगितली.

"या दुकानातले सगळे कागद माझ्या नावाचे आहेत," ते भामाताईंना म्हणाले. "एवढा एक त्याच्या नावाचा आहे. कुणाचा हात लागून हलू नये म्हणून वर वजन ठेवतो. परत आणून द्या."

गौतमने पट्टी अलगद काढून भामाताईंच्या हातात दिली. चहा तसाच निवत राहिला.

सोमवारी ती ओळ भरली आणि डेटाबेसने सगळी शीट मुकाट्याने आत घेतली. हिम्मतरावांनी पट्टीवरची आपली सही दोनदा निरखली आणि पेन खिशाला लावलं. तपासणी पार पडली. बेगम उडाली, तेव्हा भामाताई नेहमीप्रमाणे खिडकीतून बघत होत्या आणि मनातल्या मनात एकेकाचं नाव घेत होत्या. तन्वीचं घेतलं, हिम्मतरावांचं घेतलं, कपाट उघडणाऱ्या त्या न पाहिलेल्या आयांचंही घेतलं.

पेढ्यांचा पुडा घेऊन त्या पट्टी परत करायला गेल्या तेव्हा गौतम गोदामात होता. आबासाहेबांनी काच उचलली आणि पट्टी आता मधोमध ठेवली. कॅल्क्युलेटर मात्र उचलून दुसऱ्या टोकाला ठेवला. समोरच्या गिऱ्हाईकाने वाकून वाचायचा प्रयत्न केला आणि हे काय म्हणून विचारलं.

"मुलाचं आहे," आबासाहेब म्हणाले. "एकट्याने विमान उडवलं होतं त्याने. या बाईंकडे नोंद आहे."